रिंगणातली भिकूची जागा

संपादकांना नमस्कार. तुमच्या मासिकात लोक असले अनुभव लिहितात, ते मी चष्मा पुसून पुसून वाचतो आणि निम्म्याहून जास्त थापा आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला विहिरीतून हाक येते... आमच्या गावात पिंपळ पण होता आणि विहीर पण होती. पाणी भरून भरून खांदे गेले, हाक काही आली नाही. मी मिल कामगार माणूस. युनियनच्या सभेत पुढे बसणारा. देवाला हात जोडतो, पण तेवढंच. भूत, पिशाच्च, चकवा ह्यातलं काही मी कधी मानलं नाही आणि आजही मानत नाही.

तरीपण हे लिहितोय. माझं शिक्षण तिसरी. अक्षर वाईट आहे. चुका सुधारा, पण माझे शब्द बदलू नका. जे झालं ते झालं तसंच छापायचं असेल तर छापा, नाहीतर कागद परत पाठवा.

गोष्ट संपानंतरची. दोन की तीन वर्षं झाली होती, थंडीचे दिवस होते. मी तेव्हा गोरेगाव पूर्वेला चाळीत राहायचो. एका खोलीत आम्ही आमच्या संगमेश्वराकडच्या गावचे बाराचौदा जण, सगळे मिलमध्ये. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे झोपायला जागा पुरायची. संप झाला आणि खोली रिकामी होत गेली. एक गेला भात लावायला, एक गेला आंबे राखायला, परत कुणी आला नाही. शेवटी एवढ्या मोठ्या खोलीत मी एकटा. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नाही. मी एका फिल्म स्टुडिओच्या गेटवर वॉचमन लागलो. दिवसभर लोकांच्या गाड्यांना सलाम ठोकायचा आणि घरी येऊन भिंतीवरच्या रिकाम्या खुंट्या बघायच्या. पूर्वी त्या खुंट्यांवर शर्ट टांगायला भांडणं व्हायची.

एकच गोष्ट उरली होती. आमचा जाखडीचा नाच. मुंबईवाले त्याला बाल्या नाच म्हणतात. म्हणेनात का. मध्ये बुवा गातो, त्याच्या बाजूला मृदुंग, झांज, आणि भोवती आठ जण रिंगण धरून नाचतात. उजव्या पायात चाळ, म्हणजे घुंगरांचा पट्टा. मृदुंग माझा. माझ्या बापाचाही तोच होता. गाव सुटलं, मिल सुटली, पण जे आमच्यातले मुंबईत इकडे तिकडे राहिले होते ते गणपतीत आणि एरवी कुठे बोलावणं आलं तर जमायचे. तेवढे दिवस मला माणसं असायची.

आता भिकूचं सांगतो. भिकू माझ्या शेजारच्या मागावरचा. माझ्यापेक्षा लहान, मला दादा म्हणायचा. बोलायला कमी, नाचायला एक नंबर. त्याच्या चाळीत बाकीच्या घुंगरांत त्याने एक घंटी ओवली होती, त्याच्या मेलेल्या बैलाच्या गळ्यातली. त्यामुळे सगळ्यांचे पाय छुनछुन वाजायचे आणि त्याचा पाय मध्येच खण्ण करायचा. बुवा चिडायचे, "अरे शिंच्या, नाचतोस की गोठ्यात चाललायस?" भिकू नुसता हसायचा. पण घंटी काढली नाही.

संपात तोही गावाला गेला. मग गावात बातमी आली की मिल परत उघडतेय. खोटी बातमी. पण भिकू निघाला. देवरुखला एसटीत बसताना लोकांनी त्याला बघितलं. त्यानंतर कुणीच बघितलं नाही. खोलीवर आला नाही, मिलच्या गेटवर आला नाही. मी हॉस्पिटलं बघितली, पोलीस चौक्या बघितल्या. नको ती पांढरी कापडं उचलून खालचे चेहरे पण बघितले. कुठे नाही.

त्याची बायको सीतावहिनी मुंबईला आली होती शोधायला. कुणाच्या तरी शब्दावर आम्ही कल्याणपर्यंत जाऊन आलो, हात हलवत. परत जायच्या दिवशी एसटीत बसायच्या आधी तिने मला विचारलं, "भावजी, नाचात त्यांची जागा कुनाला दिलाव काय?"

मी म्हटलं, "नाय."

"भावकी म्हनते बांगड्या फोड आता. मी सांगितलंय, मुंबईत त्यांची जागा ठेवलीय. तुमी जागा द्याल तेव्हा मी कुंकू पुसेन. तोपर्यंत नाय."

आणि चढली गाडीत. मागे वळून बघितलंपण नाही.

त्या दिवसापासून मी जागा दिली नाही. आता रिंगणात जागा म्हणजे जमिनीवर आखलेली नसते. रिंगण फिरतं, तशी जागापण फिरते. भिकूचा जोडीदार गणपत. फेरा पालटताना जोडीदारांनी एकमेकांकडे वळून तळहातावर तळहात मारायचा, अशी आमची रीत. भिकू नाही म्हटल्यावर गणपतच्या पुढे एका माणसाची फट. ती फट अख्ख्या रिंगणातून त्याच्यासोबत फिरायची. आणि टाळीच्या वेळी गणपतने हात पुढे करायचाच, असं मी सांगितलेलं. भिकूची चाळ गावाला जाताना त्याने खोलीत खुंटीला ठेवली होती. ती मी प्रत्येक कार्यक्रमाला घेऊन जायचो आणि गुडघ्याखाली ठेवून मृदुंग वाजवायचो.

गणपत वैतागायचा. "दादा, मी हवेला टाळ्या देतो. लोक हसतात मला."

"हसू देत."

"अरे पण किती वर्षं? माझा साडू आहे, कांदिवलीला. झकास नाचतो. घेऊया ना."

"नाही."

गणपत अंधेरीला विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात लाँड्रीत लागला होता. त्या हॉटेलात दातांच्या डॉक्टरांची परिषद भरली होती. देशोदेशीचे डॉक्टर, छातीवर नावाची कार्डं. भाषणं संपली की ह्या लोकांना फिरवायचं, गेटवे दाखवायचा, लेणी दाखवायची, असा सगळा प्रोग्राम. शेवटच्या दिवशी मनोरीला सहल, नारळाच्या वाडीत जेवण आणि दुपारी समुद्रावर कोळी नाच. पण ज्यांना सांगितलं होतं ते कोळी ऐनवेळी लग्नात गेले. हॉटेलच्या मॅनेजरने गणपतला विचारलं, तुम्ही कोकणातले ना, नाचता ना? गणपत म्हणाला, नाचतो.

झालं. मॅनेजरच्या दृष्टीने कोकण म्हणजे समुद्र आणि समुद्र म्हणजे कोळी. आमचं गाव सह्याद्रीच्या पायथ्याला, मासा मिळायचा तो सुकटीच्या रूपात. पण सांगणार कुणाला?

मनोरीला जायची होडी मार्वेहून. तिथल्या जेट्टीवर गणपतने मला बाजूला घेतलं. त्याच्या हातात कोळ्यांच्या रंगीत रुमालांचं गाठोडं होतं.

"दादा, ऐक. मी आठ नाचे सांगितलेत साहेबाला. आज सातच आहेत. दातांच्या डॉक्टरांसमोर आपला पडलेला दात घेऊन नाचायचं. हसतील ते."

"तेवढंच बघायला आलेत ते. बघू देत."

तो हसला नाही. म्हणाला, "आज शेवटचं. पुढच्या वेळेपासून साडू उभा राहील. नाहीतर मी नाही. आणि मी नाही तर बाकीचेपण नाहीत, मी बोललोय सगळ्यांशी. तुझ्या हट्टापायी मंडळ मोडेल, दादा. वहिनीला कळव काय कळवायचं ते."

मी बुवांकडे बघितलं. बुवा खाडीकडे बघत होते. म्हणजे खरंच सगळ्यांशी बोलला होता. मी मृदुंग उचलला. होडीत चढलो. रुमाल मात्र मी डोक्याला बांधला नाही. म्हटलं, मृदुंग वाजवणारा कोळी कुणी बघितलाय? माझं धोतर आणि माझी टोपी.

वाडीत डॉक्टर मंडळी जेवून खुर्च्या टाकून बसली होती. आपले देशी डॉक्टर होते, जपानी होते, गोरे तर लालेलाल झालेले उन्हाने. एक गोरी बाई गणपतच्या पायातली चाळ हातात घेऊन बघत होती. कुंपणाच्या बाहेर मनोरीच्या खऱ्या कोळणी येऊन उभ्या. त्यातली एक जाडजूड म्हातारी, रिकामी टोपली कमरेला धरून, मोठ्याने ओरडली, "काय रं बाल्यांनो! आमचं रुमाल बांधून आमचाच नाच नाचताव काय?"

बुवा म्हणाले, "आई, पोटासाठी."

"मग बांधा नीट तरी! त्यो कडेचा तर डोकं दुखल्यासारखा बांधून आलाय."

सगळे हसले. मीपण हसलो असेन. पण मला दिसत होतं की आज वाजवून झालं की उद्या मला पोस्टात जावं लागेल. आणि कार्ड मी लिहिणार, म्हणजे ते कुंकू मीच पुसणार.

वाळूवर सुरू केलं. बुवांनी गण घेतला. सूर्य समुद्राकडे कलला होता, पण अंधार वगैरे काही नाही, चांगलं लख्ख ऊन. हे मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं असल्या गोष्टी अंधारातच होतात. मी समुद्राकडे तोंड करून बसलो होतो. पुढून जाणारे नाचे मला उन्हामुळे काळे काळेच दिसत होते, चेहरे दिसत नव्हते. पाठीमागे गेले की नुसते पाय ऐकू यायचे.

गण झाला, गवळण सुरू झाली. मी लय वाढवली. आणि पाठीमागे आवाज आला...

खण्ण.

मला वाटलं भिकूची चाळ गुडघ्याखालून सरकली. डाव्या हाताने थाप देता देता गुडघा दाबून बघितला. चाळ गुडघ्याखाली होती, घट्ट. घंटी वाळूत रुतलेली. ती वाजणंच शक्य नव्हतं.

रिंगण फिरलं. खण्ण उजवीकडे आलं. मग पुढे. मग डावीकडे. जिथे फट असायला पाहिजे तिथूनच, गणपतच्या पुढून, बरोबर समेवर. भिकू समेवरच पाय आपटायचा. माझे हात वाजवत होते, पण ते मी वाजवत नव्हतो, एवढंच मला सांगता येईल. बुवा गाता गाता माझ्याकडे बघायला लागले, कारण लय मी आणखी कधी वाढवली मलाच कळलं नाही.

तुम्ही म्हणाल, मान वळवून नीट बघितलं का नाही? पुढून आकृत्या गेल्या तेव्हा मोजल्या का नाहीत? नाही मोजल्या. घाबरलो होतो म्हणून नाही. मृदुंगवाल्याने मान फिरवली की ताल जातो, आणि ताल गेला की नाच थांबतो. तो थांबायला नको होता. कारण तेवढंच.

फेरा पालटायची वेळ आली. सगळे वळले. टाळी पडली. दरवेळी गणपतचा हात हवेत जायचा, त्यामुळे त्या बाजूची टाळी पोकळ ऐकू यायची. त्या दिवशी टाळी चारी बाजूंनी भरून आली.

संपलं तेव्हा डॉक्टर मंडळी उभी राहून टाळ्या वाजवत होती. फोटो तर किती काढले! वाजवतानापण कॅमेरे चालूच होते. मॅनेजर म्हणाला होता, फोटो मागवून देतो. कसले देतोय. जपानात नाहीतर जर्मनीत कुणा डॉक्टरच्या कपाटात ते फोटो अजून असतील, त्याला माहीतपण नसेल त्यात काय आहे. मी आजपण कधीतरी त्या कपाटाचा विचार करतो.

मी आधी सगळे उभे केले आणि बघितलं. सात. सगळे आपलेच. मग मी स्वतःलाच शिवी दिली. दुपारचं ऊन, पोटात अन्न नाही, डोक्यात एकच विचार. कान वाजले, दुसरं काय?

कुंपणापाशी पाणी प्यायला गेलो तर ती कोळीण अजून उभी. म्हणाली, "कोळी नसलाव तरी नाचलाव बरे. आठीच्या आठी."

"सात होते, आई."

"मना सांगतंस? रोज म्हावऱ्याचे वाटे लावतंय मी, नजरेनं!" आणि टोपली डोक्यावर घेऊन चालायला लागली. जाता जाता म्हणाली, "तुमचा त्यो बिनरुमालाचा बरा नाचला."

बिनरुमालाचा तिथे एकटा मी होतो, आणि मी बसलो होतो. म्हातारीचे डोळे गेले असतील, तिलाही ऊन लागलं असेल. मी वाद घातला नाही.

परत येताना होडीत सगळे खुशीत. हॉटेलवाल्यांनी उरलेलं जेवण दिलं होतं, त्याची पाकिटं उघडून पोरं एकमेकांना भरवत होती. फक्त गणपत होडीच्या टोकाला एकटा बसलेला. उजवा हात मांडीवर उताणा ठेवलेला, आणि त्याच्याकडेच बघत होता. रुमाल सोडायलापण विसरला होता.

मार्वेला उतरलो. बाकीचे रिक्षा बघायला पुढे गेले. मी मृदुंग खांद्याला लावत होतो, तेव्हा तो जवळ आला.

"दादा."

"काय?"

"हाताला हात लागला रे."

समोर होडीवाला दोर गुंडाळत होता, आम्ही दोघे तेच बघत उभे. मग गणपतने माझ्याकडून भिकूची चाळ मागून घेतली, रुमालात गुंडाळली आणि परत माझ्याच पिशवीत ठेवली. म्हणाला, "साडूला सांगतो, जमत नाही म्हणून."

त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. नाच पुढे बरीच वर्षं चालला. सात जणांचाच. लोक विचारायचे, एक माणूस कमी का? तर गणपतच अंगावर जायचा, "कमी कुठाय? तुम्हाला मोजता येत नाही." मला घंटी परत कधी ऐकू आली नाही. दरवेळी कान देऊन वाजवायचो. नाही आली.

शिमग्याला मी गावी गेलो. सीतावहिनी अंगणात शेणी थापत होती. मी पायरीवर बसून सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसंच. वाटलं होतं रडेल, नाहीतर म्हणेल भावजी, तुमचं डोकं फिरलंय. तिने शेणी थापणं थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"हात गरम होता की गार?"

मी गणपतला हे विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण बाईच्या डोक्यात पहिलं तेच आलं.

मी म्हटलं, "गरम."

तिने मान हलवली. हाताला लागलेलं शेण भिंतीला पुसलं आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला. त्या घरी मी नंतर पुष्कळदा गेलो, तिने पुन्हा काही विचारलं नाही. भावकीने किती बडबड केली, ती बधली नाही. पाच वर्षांमागे वारली. कपाळाला कुंकू, हातात बांगड्या. भावकीतल्या म्हाताऱ्या कुजबुजल्या, पण मी तिथे उभा होतो. हिरवं लुगडंच नेसवायला लावलं मी.

आता मी इथे एकटाच. आमची चाळ पाडून बिल्डरने बिल्डिंग बांधली, मला वरच्या मजल्यावर खोली दिली. भिंतीला खुंट्या मारू देत नाहीत, म्हणून मृदुंग आणि भिकूची चाळ खिडकीत ठेवलीय. मृदुंगाला शाई लावून देणारा आता इथे कुणी नाही. मंडळातले बुवा गेले, बाकीचे कुठे कुठे गेले.

गणपत आहे. विरारला मुलाकडे असतो. गुडघे गेलेत, पण अधूनमधून येतो. आम्ही खिडकीशी बसतो, चहा पितो, संपाच्या, मिलच्या गोष्टी काढतो, सरकारला शिव्या देतो. मध्येच तो उजवा हात मांडीवर उताणा ठेवतो. मला कळतं त्याच्या मनात काय आहे. त्यालाही कळत असेल माझ्या मनात काय आहे.

गरम असेल तर भिकू त्या दिवशी जिवंत होता. मग घरी का नाही गेला, हे मला समजत नाही. गार असेल तर... तर मी एका बाईला आयुष्यभर सवाष्ण ठेवलं, ते कशाच्या जोरावर? आणि ती घंटी माझ्या गुडघ्याखाली असताना वाजली कशी, ह्याचं उत्तर तर दोन्हीकडे नाही. शिकलेल्यांनी द्यावं. मला येत नाही, आणि येत नाही म्हणायला मला लाज वाटत नाही.

गणपतला एका शब्दात सांगता येईल. समोरच बसलेला असतो. पण मी विचारत नाही, आणि तोही सांगत नाही. चहा संपला की मी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला जातो.